रफिकभाईंच्या मक्यात

नवीन जालना, शनिवार

विमानात न बसता अमेरिका बघायची असेल तर हल्ली जालना जिल्ह्यात जावं लागतं, हे मला या ऑक्टोबरात कळलं. आमची मुलगी ऋचा खऱ्या अमेरिकेत असते. दरवर्षी या दिवसांत ती कुठल्याशा शेतावर जाते, उभ्या मक्यात पाडलेल्या वाटांमध्ये तिकीट काढून हरवते, बाहेर आली की एका भोपळ्याशेजारी फोटो काढते आणि तो आम्हाला पाठवते. फोटोत सगळे स्वेटर घालून असतात आणि आपल्याकडे बारशाला बाळाकडे बघतात तसे भोपळ्याकडे बघत असतात.

यंदा माझ्या बायकोच्या, म्हणजे मंजिरीच्या, मोबाइलवर एक जाहिरात आली: 'मराठवाड्यात प्रथमच! अमेरिकन पद्धतीचा मक्याचा भूलभुलैया आणि भोपळा महोत्सव. भोकरदन रोड. घरगुती जेवण. पार्किंगची सोय.' मंजिरीचं माहेर जालन्याचं. आई गेल्यापासून तिचे वडील तिथं एकटेच राहतात. "अण्णांनाही जरा बाहेर काढता येईल," ती म्हणाली. एकतीस वर्षांच्या संसारानंतर माझं मत विचारलं जाण्याआधीच मी बॅग भरायला शिकलो आहे.

पुणं ते जालना या प्रवासाचं वर्णन करत नाही. रस्ता आहे, तो कधीतरी संपतो.

अण्णांचं घर नवीन जालन्यात, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. खाली बियाण्यांचं दुकान, समोर बियाण्यांचं दुकान, कोपऱ्यावर बियाण्यांच्या कंपनीचं ऑफिस. या गावातून देशभर बी जातं आणि सगळीकडे उगवतं. गल्लीत मात्र एक झाड नाही. अण्णा एकोणऐंशी वर्षांचे. सगळी नोकरी इथल्याच शाळेत गणित शिकवण्यात गेली. अंगावर अजून कडक इस्त्रीचा सदरा, डोक्यावर पांढरी टोपी.

"या जावईबापू," म्हणाले. "ऋचा कितवीत आहे आता?"

मी म्हटलं, "अण्णा, तिची नोकरी लागून चार वर्षं झाली."

"हो हो, बरोबर," म्हणाले. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं, ऋचा कितवीत आहे.

"अण्णा गंमत करतात," मंजिरी म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

संध्याकाळी मी दूध आणायला निघालो तेव्हा दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला कागद दिसला. अण्णांचं अक्षर फळ्यावरच्या सुविचारासारखं, वळणदार. 'दूध: उजवीकडे. स्टेशन: डावीकडे. घर: हिरवा जिना.' या घरात ते चाळीस वर्षं राहताहेत.

मी मंजिरीला कागद दाखवला. "पहिल्यापासून शिस्त आहे त्यांची," ती म्हणाली. मीही मग शिस्तीवर एक विनोद केला. आमच्या घरात अवघड विषय आला की ती स्वयंपाकघरात जाते आणि मी विनोद करतो. कामाची वाटणी चोख आहे.

भोकरदन रस्ता, रविवार

गाडी मंजिरी चालवते. मी शेजारी बसून रस्त्याविषयी मतं देतो. अण्णा मागे बसून दोन्ही बाजूंची शेतं बघत होते. कापूस फुटला होता, वेचणाऱ्या बाया ओळीनं वाकलेल्या होत्या. राजूरच्या गणपतीला बाहेरूनच हात जोडले. पुढं अर्धा रस्ता मक्याच्या वाळवणानं अडवलेला. मका बघायला तिकीट काढून निघालेल्या आमच्या गाडीच्या दोन्ही बाजूंना फुकटचा मका पसरलेला होता. अमेरिकेत म्हणे या दिवसांत झाडांची पानं लाल होतात. इथं माणसं लाल होतात. सकाळी साडेदहालाच ऊन असं होतं की स्वेटरच्या कल्पनेनंसुद्धा घाम यावा.

भोकरदनच्या अलीकडे उजव्या हाताला फ्लेक्सची कमान दिसली. आत गेल्यावर स्वागताला एक बुजगावणं उभं. त्याच्या अंगावर निळी जीन्स, चौकटीचा शर्ट आणि डोक्यावर रुंद कडेची टोपी. आलेल्या पाहुण्यांत सगळ्यात चांगले कपडे त्याचेच होते. बसायला कडब्याच्या पेंढ्या मांडल्या होत्या. फोटोसाठी एकदा बसलं की दिवसभर आठवण राहते, इतक्या त्या टोचतात. एका मांडवात लाल भोपळ्यांची रास, आणि एका भोपळ्याला डोळे नि दात कोरलेले. तिथं एक आजीबाई तो निरखून बघत होत्या. "नासलेला दिसतोय, याला बाजूला काढा की," त्यांनी गड्याला सांगितलं. गडी म्हणाला, "आजी, त्याला तसंच करायला मालकाला दोन तास लागले."

मालक म्हणजे रफिकभाई. वय पंचेचाळीसच्या आसपास, पांढरा शर्ट, गळ्यात शिट्टी. पूर्वी जालन्यात एका बियाणे कंपनीच्या प्लॉटवर कामाला होते.

"वीस वर्षं सरळ ओळी टाकल्या साहेब," ते म्हणाले. "दोरी लावून. एक ओळ वाकडी झाली तर साहेब लोक बोलायचे. आता घरच्या रानात मुद्दाम वाकड्या टाकून राह्यलो, तर लोक गाड्या घेऊन बघायला येऊन राह्यले."

"चांगलं चाललंय म्हणजे," मी म्हटलं.

"पहिलंच साल हाय. गाववाले हसतात. दिवाळीच्या सुट्टीत शाळांच्या सहली हायेत, मंग कळंल कोण हसतंय ते."

त्यांनी आम्हाला नकाशा दिला. हातानं काढलेला, झेरॉक्स केलेला, वळणावळणाला झेंड्यांचे नंबर घातलेला.

"आडवे-उभे तीन एकर. वीस मिनिटात माणूस बाहेर येतो. पन एक सांगून ठेवतो, परवा रोही घुसल्ते आत." रोही म्हणजे नीलगाय. या भागात तिचे कळप रात्री शेतात उतरतात. "आठ-दहा व्हते. त्यांनी चार-दोन वाटा नव्या पाडल्या. झेंडे बी पाडले. त्या वाटा नकाशात न्हाईत."

"मग आम्ही विश्वास कशावर ठेवायचा?"

"नकाशावरच ठेवा. रोह्याच्या वाटंला लागले असं वाटलं तर शिट्टी मारा."

शिट्टी त्यांच्या गळ्यात होती. ती एकच होती.

अण्णांनी नकाशा हातात घेतला आणि दोन मिनिटं मन लावून पाहिला. मग तो घडी घालून मला परत दिला. "याची गरज नाही जावईबापू. याला साधा नियम आहे. उजवा हात भिंतीला लावायचा आणि चालताना सोडायचा नाही. कितीही वळणं असू देत, माणूस बाहेर येणारच." आवाज असा खणखणीत, जणू पुढच्या बाकावर चाळीस पोरं बसली आहेत. मंजिरीनं माझ्याकडं जिंकल्यासारखं पाहिलं. तरी आत शिरताना हळूच म्हणाली, "त्यांचा हात सोडू नकोस. ऊन आहे म्हणून म्हणतेय."

मका डोक्याच्या वर दोन हात उंच. चाऱ्याचा वाण, मुद्दाम दाट पेरलेला. पानं वाळत आलेली आणि धारेची, वारा आला की सगळ्या शेतातून कागद चुरगळल्यासारखा आवाज. पहिल्या फाट्यावर मंजिरी नकाशाप्रमाणे डावीकडे वळली. अण्णा नियमाप्रमाणे उजवीकडे. मी अण्णांबरोबर गेलो. त्यांचा डावा हात माझ्या हातात, उजवा मक्यावरून फिरत चाललेला.

मग मला ऋचासाठी व्हिडिओ करायची बुद्धी झाली. व्हिडिओत चेहरा आणि मका दोन्ही यायला हवेत, म्हणून मी अण्णांचा हात सोडला आणि त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिलो. "नमस्कार," मी सुरू केलं, "आम्ही आता उभे आहोत मराठवाड्यातल्या अमेरिकेत." बुजगावण्याच्या जीन्सवर बोललो, नासक्या भोपळ्यावर बोललो. एक विनोद नीट जमला नाही म्हणून तो भाग परत केला. एकूण तीनेक मिनिटं झाली असतील. वळलो तर अण्णा नव्हते.

पुढच्या वळणावर असतील म्हणून गेलो. तिथं फाटा होता, आणि त्याच्या मधोमध एक झेंडा आडवा पडलेला.

मंजिरी मला दहा मिनिटांनी भेटली. "अण्णा कुठंयत?"

"पुढं आहेत," मी म्हणालो. तेव्हा मला तसंच वाटत होतं.

अर्ध्या तासानं आम्ही दोघंही, कसे ते आम्हाला कळलं नाही, जिथून आत गेलो होतो तिथूनच बाहेर पडलो. अण्णा बाहेर आले नव्हते. रफिकभाईंनी शिट्टी मारली. मग त्यांची दोन माणसं, देविदास आणि त्याचा भाऊ, दोन बाजूंनी आत गेली आणि आली. रफिकभाई स्वतः गेले, घामानं निथळत परत आले. त्यांनी स्वतः पेरलेल्या शेतात ते दोनदा चुकले होते. बाकीचे पाहुणे आधी उत्साहानं हाका मारत होते, नंतर गप्प झाले. साडेबारा वाजले. ऊन डोक्यावर. अण्णांनी सकाळी चहाशिवाय काही घेतलं नव्हतं आणि पाण्याची बाटली माझ्या खांद्याला होती.

"घाबरू नका ताई," रफिकभाई म्हणाले. "जाणते माणूस हायेत. सावली बघून बसले असतील."

"हो," मंजिरी म्हणाली. "ते गणिताचे शिक्षक आहेत. त्यांना दिशा बरोबर कळते. ते येतील."

मी म्हणालो, "मंजू, नाही कळत."

ती गर्रकन माझ्याकडं वळली.

"त्यांनी दारावर लिहून ठेवलंय," मी म्हणालो. "दूध कुठं आणि घर कुठं ते. तू पण वाचलंयस."

मला वाटलं ती आता मला काहीतरी बोलेल. हात का सोडलास, एवढं तरी विचारेल, आणि ते विचारायचा तिला पुरेपूर हक्क होता. ती खाली कडब्याच्या पेंढीवर बसली, मग उठली आणि रफिकभाईंच्या समोर जाऊन उभी राहिली.

"त्यांना विसर पडतो," ती म्हणाली. "वर्ष होऊन गेलं. मार्चमध्ये स्टेशनवरून घरी येताना चुकले होते, शेजाऱ्यांनी आणून सोडलं. मी कुणालाच सांगितलं नाही. यांना पण नाही. आपण हरवलोय हेसुद्धा त्यांना कळलं नसेल कदाचित."

स्टेशनचं मला खरंच माहीत नव्हतं. त्यावर बोलायला विनोद सुचला नाही.

रफिकभाईंच्या पत्नी नसरीनबी स्वयंपाकाच्या छपरातून बाहेर आल्या होत्या. त्यांनी मंजिरीच्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्ही ऊपर चढो. सगळ्यांना हाका मारू द्या, तुम्ही वरून ऐका."

बांधाला लागून राखणीचा माळा होता, चार लाकडांवर बांधलेला. रफिकभाई वर चढले. खालून आम्ही सगळे हाका मारायला लागलो. मंजिरी, मी, देविदास, त्याचा भाऊ, मघाच्या आजीबाईसुद्धा. "अण्णाऽ" म्हणायचं, थांबायचं, परत म्हणायचं. शेताच्या पलीकडच्या अंगानंही कुणीतरी तशीच हाक देत होतं, जरा चिरकी. मला बरं वाटलं की त्या बाजूलाही माणूस लावलाय.

रफिकभाईंनी वरून हात केला. "देविदास कुठं हाय?"

"हितंच हाय मालक," देविदास माझ्या शेजारून म्हणाला.

"आन् तुझा भाऊ?"

"ह्यो काय."

"मंग पल्याड कोण हाका मारून राह्यलंय?"

हाका थांबल्या. मक्याची पानं वाजत होती. मग तो आवाज परत आला, दमलेला पण ठाम.

"अण्णाऽ. ओ अण्णाऽ. घाबरू नका. उजवा हात भिंतीला लावा आणि सोडू नका."

मंजिरीनं तोंडावर हात ठेवला. ती रडत होती की हसत होती हे मला कळलं नाही, आणि तिलाही कळलं नसावं.

आवाजाच्या रोखानं देविदास आत पळाला. वाटेनं त्याला वळवून भलतीकडंच नेलं आणि तो परत आला. आम्ही हाका थांबवल्या की थोड्या वेळानं तोही आवाज थांबायचा, म्हणून हाका चालूच ठेवाव्या लागत होत्या. रफिकभाई माळ्यावरून उतरले. छपराच्या वळचणीला खोचलेले विळे त्यांनी काढले.

नसरीनबी हळू आवाजात म्हणाल्या, "मंगळवारी शाळा येणार हाय ना?"

"येऊ दे," रफिकभाई म्हणाले आणि बांधावरूनच मक्यात विळा घातला.

वाट बघून नव्हे, आवाज बघून ते सरळ कापत निघाले. मागून देविदास आणि त्याचा भाऊ रुंदी करत होते. मीही एक विळा घेतला. माझ्या हातून पाच-सहा ताटं कापली गेली असतील आणि तेवढ्यात अंगठा कापला. कुणीही काही न बोलता विळा माझ्याकडून काढून घेतला. मंजिरी हाका मारत मागून चालली होती. भूलभुलैयाच्या एकामागून एक भिंती आडव्या होत होत्या. महिनोन्‌महिने जपलेली वळणं, ज्यांच्यावर गाव हसलं होतं ती, पंधरा मिनिटांत निकालात निघाली.

अण्णा शेताच्या जवळजवळ मधोमध होते. रोह्यांनी तिथं लोळून मोकळी जागा केली होती आणि तिच्या मध्यात मक्याचा एक झुबका तेवढा उभा राहिलेला, बेटासारखा. अण्णा उजवा हात त्या झुबक्याला लावून त्याच्याभोवती फिरत होते. पायाखाली गोल वाट पडली होती. नियम त्यांनी अचूक पाळला होता. भिंत सलग असेल तर तो खरा आहे. ती रोह्यांनी तोडली होती. तळहातावर धारदार पानांचे बारीक लाल ओरखडे उठले होते आणि सदरा पाठीला चिकटला होता.

आम्हाला बघून ते थांबले. "आलात? बरं झालं. मंजू, इथं एक माणूस हरवलाय. कुणी अण्णा म्हणून आहे. त्याची माणसं केव्हाची हाका मारताहेत, मी पण मारल्या. उत्तरच देत नाही तो."

मंजिरीनं त्यांचा तो ओरखडलेला हात हातात घेतला. "आधी पाणी प्या," म्हणाली.

छपराखाली नसरीनबींनी त्यांना लिंबू-मीठ-साखरेचं पाणी पाजलं, तळहाताला हळद-तेल लावलं, मग थोड्या वेळानं वाटीत कद्दूची खीर दिली. लाल भोपळा किसून दुधात आटवलेला, वर वेलदोडा. भोपळ्याचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही, आणि त्याला दात कोरणाऱ्या लोकांना ही खीर कुणीतरी पाठवायला हवी. अण्णांनी दोन वाट्या खाल्ल्या. मग ज्वारीची भाकरी, ठेचा आणि डांगराची परतलेली भाजी आली. लाल भोपळ्याला इथं डांगर म्हणतात. भाजी किंचित गोड आणि भरपूर तिखट. आमच्याकडे गूळ आधी पडतो, इथं मिरची.

जेवण झाल्यावर मी रफिकभाईंबरोबर बांधावर गेलो. शेतातून एक सरळ, रुंद पट्टा आरपार गेला होता. झालेलं नुकसान, सहली, सगळं मी मनात जुळवत होतो, पण तोंडातून फक्त "रफिकभाई, तुमचं सगळंच..." एवढं निघालं.

"जुनी सवय हाय साहेब," ते म्हणाले. "विळा हातात आला का सरळच चालतो." मग म्हणाले, "मंगळवारच्या पोरांला सांगीन, आत जायला भूलभुलैया आन् बाहेर यायला सडक. माझ्या अम्मीला बी असंच झाल्तं. आम्ही लई दिवस म्हणत व्हतो, झोप कमी हाय, म्हणून व्हतं."

मंजिरी नंतर जालन्यातच राहिली, दोन आठवडे. मग अण्णांना घेऊन पुण्याला आली. डॉक्टरांनी जे सांगितलं ते आम्हाला माहीतच होतं, आता कागदावर आहे इतकंच. ऋचाला मी तो व्हिडिओ पाठवला नाही. फोन करून झालेलं सगळं सांगितलं, आणि शेवटपर्यंत एकदाही तिला हसवायचा प्रयत्न केला नाही. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही बरे आहात ना?"

त्या रविवारी शेतावरून जालन्याला परत निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं. मंजिरी गाडी चालवत होती. अण्णांच्या शेजारी मागच्या सीटवर नसरीनबींनी दिलेला भोपळा होता आणि तो कलंडू नये म्हणून अण्णांनी त्याच्यावर हात ठेवला होता. राजूर मागं पडल्यावर ते म्हणाले,

"मंजू, तो माणूस सापडला का गं?"

"सापडला, अण्णा."

"कुठं होता?"

मंजिरीनं आरशात त्यांच्याकडं पाहिलं. "तिथंच होता. आम्हीच तिकडं बघत नव्हतो."

"असं होतं कधी कधी," अण्णा म्हणाले, आणि खिडकीतून कापूस बघत राहिले.